रसायनशास्त्र ऑनलाइन, आपल्या सवडीने : पायापासून पदवीपर्यंतची वाट

गोरेगाव म्हटलं की बहुतेकांना मुंबईतली फिल्मसिटी आठवते. इथे बोलायचंय ते हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावबद्दल. सोयाबीन आणि हळदीचा हा पट्टा. अशा गावातून मराठी माध्यमात दहावी पास झालेल्या मुलाला विज्ञान शाखा घ्यायची असेल, तर घरात आधी चर्चा होते ती गावाची: हिंगोलीला ठेवायचं, नांदेडला की थेट लातूरला? खोलीचं भाडं, मेस, क्लासची फी, येण्याजाण्याचा खर्च. हिशोब जुळला तर पोरगं जातं. मुलगी असेल तर कधी कधी हिशोब जुळूनही जात नाही.

आता या हिशोबात मोबाईल आला आहे. आठवीच्या अणूपासून एम.एस्सी.च्या क्वांटम केमिस्ट्रीपर्यंतचं जवळजवळ सगळं रसायनशास्त्र आज इंटरनेटवर फुकट आहे, आणि तेही आयआयटी, एमआयटीसारख्या संस्थांच्या प्राध्यापकांनी शिकवलेलं. तरीही ते शिकून पूर्ण करणारे फार थोडे. कारण या शिडीच्या खालच्या पायऱ्या मराठीत आहेत, वरच्या इंग्रजीत, आणि अकरावीच्या जागची पायरी गायब आहे. ती पायरी ज्याने त्याने स्वतः बसवायची असते. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून अनेक जण नेमके तिथेच थांबतात आणि "आपल्याला केमिस्ट्री जमत नाही" असं समजून बसतात.

"आपल्या गतीने" म्हणजे नेमकं काय?

ऑनलाइन कोर्स दोन जातीचे असतात आणि जाहिरातीत दोन्ही सारखेच दिसतात.

पहिली जात खऱ्या अर्थाने सवडीची. व्हिडिओ, नोट्स, सराव प्रश्न कायम उघडे असतात. कधीही सुरू करा, पेरणीच्या दिवसांत पंधरा दिवस बंद ठेवा, पुन्हा तिथूनच पुढे जा. खान अकॅडमी, एमआयटीचं ओपन कोर्सवेअर, एनपीटीईएलचे जुने व्हिडिओ या जातीतले.

दुसरी जात वेळापत्रकाची. केंद्र सरकारचं 'स्वयम्' पोर्टल २०१७ मध्ये सुरू झालं. त्यावरचे बहुतेक कोर्स सत्रानुसार, साधारण जानेवारी आणि जुलैमध्ये, सुरू होतात. ४, ८ किंवा १२ आठवडे चालतात. दर आठवड्याचा गृहपाठ ठरलेल्या तारखेच्या आत भरावा लागतो. तारीख गेली की गुण गेले. हे सवडीचं शिक्षण नव्हे, फक्त घरबसल्या आहे.

सवडीचा कोर्स चांगला वाटतो, पण त्याची दुसरी बाजूही आहे. एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्सवरील कोर्सची सहा वर्षांची आकडेवारी तपासून २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख आला होता. त्यानुसार २०१७-१८ मध्ये कोर्सला नाव नोंदवणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांच्या आसपास लोकांनीच तो पूर्ण केला. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांच्यात मात्र हे प्रमाण ४६ टक्के होतं. पैसे भरले की हुशारी वाढते असं नाही. पैसे भरणारा मुळात ठरवूनच आलेला असतो, आणि खिशातून गेलेले पैसे त्याला अधूनमधून टोचत राहतात.

म्हणून दोन्ही जाती मिसळून वापरणं सोयीचं. शिकायचं सवडीच्या साहित्यातून, आणि वर्षातून एखादा कोर्स वेळापत्रकाचा घ्यायचा, म्हणजे डोक्यावर एक तरी तारीख राहते.

खालची पायरी : हळदीपासून सुरुवात

दहावीपर्यंतचं रसायनशास्त्र मराठीत उत्तम मिळतं, आणि ते आधी घरातच शोधावं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात. आठवीतला 'अणूचे अंतरंग', नववीतला 'द्रव्याचे मोजमाप', दहावीतले आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे यांवरचे धडे, एवढं या क्रमाने वाचलं तर पुढचा निम्मा भार हलका होतो. दहावी होऊन चार वर्षं झाली असली तरी सुरुवात इथूनच करावी. त्यात कमीपणा काहीच नाही. पुस्तकांवरचे क्यूआर कोड स्कॅन केले की दीक्षा अॅपवर त्या त्या धड्याचे व्हिडिओ उघडतात.

याला जोड म्हणून दोन ठिकाणं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' हे संकेतस्थळ. त्याची सुरुवात २००२ मध्ये नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी केली. यात प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन बोटाने उचलून अणू बनवता येतो, आणि एक प्रोटॉन वाढवला की मूलद्रव्याचं नावच बदलतं. अणुअंक म्हणजे काय हे दहा ओळींच्या व्याख्येपेक्षा इथे एका मिनिटात कळतं. यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. दुसरं ठिकाण 'ओलॅब्स'. अमृता विश्व विद्यापीठम् आणि मुंबईचं सीडॅक यांनी मिळून शाळेतले प्रयोग संगणकावर आणले आहेत, काही मराठीतही.

पण हिंगोली जिल्ह्यात रसायनशास्त्राची सुरुवात करायला याहून सोपी वस्तू दाराशी पडलेली असते. पांढऱ्या शर्टावर हळदीचा डाग पडला आणि त्यावर साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात माहीत आहे. असं का होतं, हे विचारलं की केमिस्ट्री सुरू झाली.

हळदीचा पिवळा रंग करक्युमिन या द्रव्याचा. आम्लात आणि साध्या पाण्यात ते पिवळं राहतं, आम्लारीत तांबूस-लाल होतं. घरीच करून बघायचं तर हळदीची पातळ पेस्ट जाड कागदावर लावून वाळवायची, पट्ट्या कापायच्या. एका पट्टीवर लिंबाचा रस, दुसरीवर खायच्या सोड्याचं पाणी, तिसरीवर धुण्याच्या सोड्याचं, चौथीवर चुन्याची निवळी. लिंबाने काहीच होत नाही. चुना आणि धुण्याचा सोडा पट्टी लाल करतात. खायच्या सोड्याने मात्र रंग धड बदलतही नाही, धड तसाच राहतही नाही. दोन्ही सोडेच, मग हा फरक का? कारण खायचा सोडा सौम्य आम्लारी आहे, त्याच्या पाण्याचा पीएच ८ च्या थोडा वर असतो, आणि करक्युमिनचा रंग बदलू लागतो तो त्याच सुमाराला. धुण्याच्या सोड्याचा पीएच ११ च्या आसपास. पीएच ही पट्टी का लागते, नुसतं 'आम्ल' आणि 'आम्लारी' म्हणून का भागत नाही, हे या चार पट्ट्या दाखवून देतात. चुना हाताळताना तेवढी डोळ्यांची काळजी घ्यावी.

या पायरीवर आपण पक्के आहोत की नाही, ते तपासायला एकच गणित पुरेसं आहे. ४ ग्रॅम हायड्रोजन पूर्ण जळायला किती ऑक्सिजन लागेल आणि किती पाणी तयार होईल? उत्तर ३२ ग्रॅम ऑक्सिजन आणि ३६ ग्रॅम पाणी. उत्तर पाठ असून उपयोग नाही, ते कसं आलं हे दुसऱ्याला समजावता आलं पाहिजे. नाही आलं तर अकरावीचा व्हिडिओ लावायची घाई करू नये. तिथला प्रत्येक दुसरा प्रश्न याच हिशोबावर उभा असतो.

गायब असलेली पायरी

आता मुख्य अडचण. राज्य मंडळाचं दहावीचं विज्ञान मराठीत शिकता येतं. अकरावीचं रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक हाती येतं ते इंग्रजीत. सेमी इंग्रजीच्या मुलांना हा धक्का फारसा बसत नाही, कारण त्यांचं विज्ञान आधीपासून इंग्रजीत असतं. पूर्ण मराठी माध्यमाच्या मुलासाठी मात्र एका सुट्टीत विषय तोच राहतो आणि सगळे शब्द बदलतात. त्याला संयुजा ठाऊक असते, व्हॅलन्सी ऐकली की तो दचकतो. अवक्षेप त्याने परीक्षानळीत डोळ्यांनी पाहिलेला असतो, पण 'प्रेसिपिटेट' म्हणजे तोच, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

गंमत अशी की नीट आणि जेईई मेन या परीक्षांची प्रश्नपत्रिका आता मराठीतही मिळते. म्हणजे परीक्षा मराठीत देता येते, पण ज्या पाठ्यपुस्तकातून तयारी करायची ते मराठीत नाही. असा उफराटा प्रकार.

मराठवाड्याला हे नवीन नाही. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानासह सगळे विषय उर्दूतून शिकवले जात, आणि त्यासाठी पुस्तकं भाषांतरित करणारं स्वतंत्र खातं होतं. म्हणजे इथल्या आजोबा-पणजोबांपैकी जे थोडे पदवीपर्यंत पोचले, त्यातल्या काहींनी घरात मराठी बोलून रसायनशास्त्र उर्दूत शिकलं. तिकडे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात बाळाजी प्रभाकर मोडक एकोणिसाव्या शतकातच विज्ञानाची पुस्तकं मराठीत लिहीत होते. भाषा बदलून विज्ञान शिकणं जमतं. मात्र त्यासाठी मध्ये कुणीतरी शब्दांचा पूल बांधावा लागतो.

हा पूल दोन महिन्यांत बांधता येतो. एक दोनशे पानी वही घ्यायची. प्रत्येक पानाला मधोमध रेघ. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे त्याच गोष्टीचा इंग्रजी शब्द, खाली स्वतःच्या भाषेत एक ओळ आणि जमल्यास चित्र. द्रावण म्हणजे सोल्युशन, द्राव्य म्हणजे सोल्यूट, द्रावक म्हणजे सॉल्व्हंट. उत्प्रेरक म्हणजे कॅटॅलिस्ट. सहसंयुज बंध म्हणजे कोव्हॅलंट बाँड. क्षपण म्हणजे रिडक्शन. अनुमापन म्हणजे टायट्रेशन. समस्थानिक म्हणजे आयसोटोप. असे तीनशेच्या आसपास शब्द झाले की अकरावीचं पुस्तक वाचताना दर ओळीला अडखळायला होत नाही.

शब्द शोधायला गुगल ट्रान्सलेटवर विसंबू नये. ते शास्त्रीय शब्दाला कधी रोजच्या बोलीतला भलताच अर्थ लावतं. राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाचा रसायनशास्त्र परिभाषा कोश ऑनलाइन आहे, आणि संकल्पना सविस्तर वाचायची तर मराठी विश्वकोश आहे. विश्वकोशातल्या नोंदी जरा जड आहेत, पण एखादा विषय मराठीत पूर्ण समजून घेऊन मग त्यावरचा इंग्रजी व्हिडिओ पाहिला, तर तोच व्हिडिओ निम्म्या वेळात कळतो.

काही शब्द मराठीतच फसवे आहेत. पाठ्यपुस्तकात 'क्षार' म्हणजे आम्ल आणि आम्लारीच्या अभिक्रियेतून बनलेला पदार्थ, म्हणजे इंग्रजीतलं सॉल्ट. बोलण्यात मात्र बोअरच्या पाण्यातले 'क्षार' म्हणजे त्यात विरघळलेलं सगळंच, आणि जुन्या पुस्तकांत क्षार हा शब्द आम्लारीसाठीही येतो. वहीत अशा शब्दांपुढे फुली मारून ठेवावी.

शब्दांबरोबर एक संकल्पना याच काळात पक्की करायची, ती म्हणजे मोल. बहुतेकांची गाडी इथेच रुतते. मोल ही डझनासारखीच एक मोजणी आहे. डझनात १२ नग, मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. १ मोल पाण्याचं वजन सुमारे १८ ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठा चमचाभर. बाजारात आपण केळी डझनाने मोजतो आणि हळद क्विंटलने तोलतो. रसायनशास्त्रज्ञाला मात्र अणू मोजायचे असतात आणि हातात असतो फक्त तराजू. मोल म्हणजे तराजूवरून मोजणीकडे नेणारा भाव. २०१९ पासून हा आकडा आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत नेमका ठरवून टाकलेला आहे. मोलसाठी पंधरा दिवस गेले तरी चालतील.

अकरावी-बारावी : फार ठिकाणी हात घालू नये

यानंतर साहित्याचा पूर येतो आणि नेमकी उलटी अडचण होते. एकाच धड्यावर पाच शिक्षकांचे पाच व्हिडिओ पाहिले जातात आणि गणित एकही सोडवलं जात नाही. इथे एक पुस्तक, एक व्हिडिओ-मालिका आणि एक प्रश्नसंच पुरे.

पुस्तक राज्य मंडळाचंच ठेवावं. अकरावीला १६ आणि बारावीला १६ धडे आहेत, आणि एमएचटी-सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर, ८० टक्के बारावीवर असतात. नीट किंवा जेईईकडे लक्ष असेल तर एनसीईआरटीचं पुस्तक अटळ, तेही मोफत मिळतं. व्हिडिओसाठी खान अकॅडमीवर भारतीय अभ्यासक्रमानुसार रसायनशास्त्र आहे. त्याची खरी ताकद व्हिडिओत नाही, प्रत्येक व्हिडिओनंतर येणाऱ्या सरावात आहे. स्वयम् पोर्टलवर एनसीईआरटीचे अकरावी-बारावीचे कोर्सही असतात. नेट धड चालत नसेल तर 'स्वयंप्रभा' या शैक्षणिक वाहिन्या डीडी फ्री डिशवर दिसतात, त्याला डेटा लागत नाही.

धड्यांचा क्रमही महत्त्वाचा. रसायनशास्त्र हा जिन्यासारखा विषय आहे. मोल कच्चा असेल तर द्रावणं येत नाहीत, रासायनिक समतोल कच्चा असेल तर बारावीतला आयनिक समतोल डोक्यावरून जातो, आणि अकरावीतली सेंद्रिय रसायनाची मूलतत्त्वं सोडून थेट अल्कोहोल-अल्डिहाइडवर उडी मारली तर नुसतं पाठांतर उरतं. क्लासमध्ये मास्तर क्रम लावून देतात. ऑनलाइन शिकताना यूट्यूब क्रम लावतं, आणि त्याला रसायनशास्त्राशी घेणंदेणं नसतं.

व्हिडिओ बघणं म्हणजे अभ्यास, हा भ्रमही इथेच वाढतो. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून आठवून लिहायचा सराव केला. लगेच विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे निघाले. म्हणून वीस मिनिटांचा व्हिडिओ झाला की मोबाईल पालथा ठेवून वहीत जे आठवतं ते लिहायचं. हे कंटाळवाणं आहे, आणि याला पर्यायही नाही.

या पायरीची परीक्षा अशी: ०.०१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच २ का येतो, आणि तेवढ्याच तीव्रतेच्या अॅसिटिक आम्लाचा साडेतीनच्या जवळ का? पहिल्याला लॉगॅरिदम येऊन भागतं. दुसऱ्याला समतोल कळलेला असावा लागतो.

ज्याला एवढ्यावर समाधान नाही त्याच्यासाठी मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाडसाठी भारताचा संघ तिथे तयार होतो. २००१ चं ऑलिंपियाड मुंबईतच भरलं होतं. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. परीक्षा द्यायची नसली तरी सोडवून बघण्यासारख्या आहेत, कारण त्यांतले बरेच प्रश्न एखाद्या खऱ्या पदार्थाची किंवा प्रक्रियेची गोष्ट सांगत पुढे जातात.

प्रयोगशाळेचं काय?

ऑनलाइन रसायनशास्त्राची ही खरी मर्यादा. ओलॅब्सवर अनुमापन करता येतं, ब्युरेटचा नळ माउसने फिरतो, रंगही बदलतो. पण खऱ्या ब्युरेटमधून शेवटचा थेंब जास्तीचा पडतो आणि सगळा प्रयोग पुन्हा करावा लागतो, ते हात शिकतात, डोळे नव्हे. बारावीला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचं असतं. म्हणून बारावी विज्ञान करायचं तर कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश आणि प्रयोगशाळेतली हजेरी लागतेच. ऑनलाइन कोर्स तिची जागा घेत नाही. उलट, सिम्युलेशन आदल्या रात्री करून गेलं तर प्रयोगशाळेतला तास वाया जात नाही. पायऱ्या माहीत असतात, लक्ष हातावर देता येतं.

घरी करायचे प्रयोग स्वयंपाकघरातल्या वस्तूंपुरतेच ठेवावेत. संडास धुण्याचं अॅसिड, ब्लीचिंग पावडर, शेतातली कीटकनाशकं यांचे प्रयोग व्हिडिओत पाहून करू नयेत. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

पदवी आणि त्यापुढे

बी.एस्सी.ला गेलेल्यासाठी दार सगळ्यात मोठं उघडतं, कारण तोवर इंग्रजीची भीती गेलेली असते. हिंगोली जिल्ह्यातली महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथला अभ्यासक्रम समोर ठेवून प्रत्येक घटकाला ऑनलाइन जोडीदार शोधता येतो.

पायाभूत रसायनशास्त्रासाठी एमआयटीचे ५.१११ आणि ३.०९१ या क्रमांकांचे कोर्स नावाजलेले आहेत. दुसऱ्याची एक आवृत्ती तर एकट्याने शिकणाऱ्यासाठीच बांधलेली आहे: व्याख्यानं, गृहपाठ, उत्तरं, परीक्षा, सगळं क्रमाने. पाठ्यपुस्तक म्हणून ओपनस्टॅक्सचं 'केमिस्ट्री' हे पूर्ण पुस्तक फुकट उतरवता येतं. संदर्भ पाहायला लिब्रेटेक्स्ट्स.

भारतीय बाजूला एनपीटीईएल. आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांचा हा उपक्रम २००३ पासूनचा. आयआयटी मुंबईचे प्रा. अनिंद्य दत्त यांचे क्वांटम केमिस्ट्री आणि रेण्वीय वर्णपटशास्त्र यांवरचे कोर्स एम.एस्सी.च्या आणि जॅम परीक्षेच्या तयारीसाठी उपयोगी आहेत. याच आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प रेणूंची चित्रं आणि त्रिमितीय रचना काढणारी मोफत सॉफ्टवेअर शिकवतो. दहा-दहा मिनिटांचे धडे, आणि या प्रकल्पातल्या पुष्कळ धड्यांना मराठी आवाजही दिलेला आहे. विषय वरचा आणि भाषा मराठी, असं फार ठिकाणी सापडत नाही.

वरच्या पायरीवर काय वेगळं कळतं, हे पुन्हा हळदीवरच पाहता येतं. शाळेत 'हळद हा दर्शक आहे' एवढ्यावर धडा संपतो. दहावीनंतर कळतं की करक्युमिन हे कार्बनी संयुग आहे, एका रेणूत २१ कार्बन, २० हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन अणू. बारावीत त्यातले फिनॉल आणि कीटोन गट ओळखता येतात, आणि आम्लारी फिनॉलचा हायड्रोजन काढून घेते म्हणून रंग बदलतो, हे जुळतं. बी.एस्सी.त समजतं की रेणूभर एकाआड एक दुहेरी बंध पसरलेले असल्यामुळे तो निळा-जांभळा प्रकाश, सुमारे ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, शोषून घेतो. उरलेला प्रकाश डोळ्याला पिवळा दिसतो. किती प्रकाश शोषला गेला यावरून हळदीत करक्युमिन किती टक्के हे मोजतात, आणि त्यामागे बीअर-लँबर्ट नियम आहे. हे मोजमाप केवळ पुस्तकातलं नाही. हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हळद येते तेव्हा व्यापारी रंग आणि गाठी बघतो, मात्र औषध आणि अर्क बनवणारा कारखाना करक्युमिनचा टक्का विचारतो. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलेलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, तेही सीएसआयआरने जुने लेखी पुरावे पुढे ठेवल्यामुळे. तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मराठी माणूस आणि स्वतः केमिकल इंजिनिअर.

प्रमाणपत्राला किती किंमत?

शिकण्याला पैसे पडत नाहीत, कागदाला पडतात. एनपीटीईएलचा कोर्स करणं फुकट. प्रमाणपत्र हवं असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. तिची फी गेली काही वर्षं कोर्समागे १,००० रुपये आहे आणि अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यात सवलत मिळते. अंतिम निकालात गृहपाठाला २५ आणि परीक्षेला ७५ गुण. उत्तीर्ण व्हायला दोन्हीत किमान गुण लागतात, गृहपाठात १० आणि परीक्षेत ३०. म्हणजे गृहपाठ बुडवून शेवटी नुसती परीक्षा दिली तर चालत नाही. कोर्सेरासारख्या परदेशी कंपन्या प्रमाणपत्रासाठी बरेच पैसे घेतात, पण आर्थिक मदतीसाठी अर्ज करता येतो.

सवडीच्या कोर्सचं प्रमाणपत्र नोकरीसाठी पदवीच्या जागी चालत नाही. 'घरबसल्या केमिस्ट्रीची डिग्री' अशी जाहिरात दिसली तर आधी त्या विद्यापीठाची यूजीसी मान्यता तपासावी. दूरशिक्षणातून बी.एस्सी. इग्नूतून करता येते, पण तिथेही प्रयोगशाळेसाठी अभ्यासकेंद्रावर हजर राहावं लागतं.

नियमित पदवी करणाऱ्याला मात्र या प्रमाणपत्राचा थेट उपयोग आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयम् वरच्या कोर्समधून घेता येतात. अट एकच, तो कोर्स महाविद्यालयाने मान्य केलेला असला पाहिजे. ही यादी सत्राच्या सुरुवातीलाच ठरते, म्हणून कोर्सला नाव नोंदवायच्या आधी विभागप्रमुखांना विचारून, जमल्यास लेखी होकार घेऊन ठेवावा. कोर्स संपल्यावर विचारायला गेलं तर हातात प्रमाणपत्र राहतं, क्रेडिट मिळेलच असं नाही.